किडनीच्या गाठीतली ‘इम्यून जीन’ चाचणी करून घ्यावी का?

प्रश्न ऐरोलीहून आला आहे. थोडक्यात असा: बाबा ६१ वर्षांचे. डाव्या किडनीत साडेसहा सेंटिमीटरची गाठ निघाली, दीड महिन्यापूर्वी किडनी काढली. रिपोर्टात क्लिअर सेल रीनल सेल कार्सिनोमा (किडनीच्या कॅन्सरचा एक प्रकार), ग्रेड ३, गाठ किडनीच्या मधल्या चरबीत शिरलेली म्हणून स्टेज पीटी३ए. लिम्फ नोड्स साफ, सीटीत इतर कुठे काही नाही. रिपोर्टाच्या तळाशी एक ओळ आहे, ‘गाठीत लिम्फोसाइट्सची दाट गर्दी’. पुण्यात बायोइन्फॉर्मेटिक्स शिकणाऱ्या मावसभावाने एक शोधनिबंध पाठवला. त्यात रोगप्रतिकारशक्तीच्या काही जनुकांवरून स्कोअर काढून पेशंटचे ‘हाय रिस्क’ आणि ‘लो रिस्क’ असे दोन गट केलेत, आणि हाय रिस्कवाल्यांचा आलेख भराभर खाली येतो. एका लॅबचा प्रतिनिधी म्हणतो, अशी चाचणी आम्ही करून देऊ. मुलगी विचारते: चाचणी करावी का? लिम्फोसाइट्स जास्त म्हणजे शरीर लढतंय, हे चांगलंच ना? आणि स्कोअर हाय आला तर बाबांना सांगायचं काय?

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, ठाण्यात सत्तावीस वर्षं हेच काम करतोय. पेशंट मला जवळजवळ कधीच भेटत नाही, त्याची गाठ भेटते, फॉर्मॅलिनच्या डब्यातून. त्यामुळे माझं उत्तर गाठीच्या बाजूने असणार. औषध द्यायचं की नाही ते तुमचे ऑन्कोलॉजिस्ट ठरवतील. त्यांनी बाबांना पाहिलंय, मी नाही.

चाचणी आत्ता करू नका. तिच्यातून जे कळेल त्यावरून बाबांच्या उपचारात कोणीही काही बदलणार नाही. लिम्फोसाइट्सबद्दल तुमची समजूत स्वाभाविक आहे, पण किडनी हा अवयव नेमका तिथेच उलटा वागतो. आणि तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टात एक शब्द राहून गेलाय, नेक्रोसिस. गाठीत मेलेल्या पेशींचे पट्टे होते की नव्हते, याचा उल्लेखच नाही. ‘नाही’ असंही लिहिलेलं नाही. मला त्या स्कोअरपेक्षा या शब्दाची काळजी जास्त आहे. ती का, ते पुढे येईलच.

आधी जीन एक्स्प्रेशन म्हणजे काय, एवढं एकदा नीट समजून घ्या, कारण लॅबची माणसं ‘जेनेटिक टेस्ट’ या एका शब्दाखाली वाट्टेल ते खपवतात. घरात स्विचबोर्डवर किती बटणं आहेत, हा झाला डीएनए. या क्षणी कुठला दिवा लागलाय आणि तो किती उजेड देतोय, हे एक्स्प्रेशन. पेशी जनुक वाचते तेव्हा त्याच्या आरएनए प्रती काढते. त्या प्रती मोजायच्या. त्यामुळे या चाचणीचा तुमच्या आनुवंशिकतेशी संबंध नाही. बाबांचा स्कोअर काहीही आला तरी त्यातून तुम्हाला किंवा तुमच्या भावंडांना धोका आहे की नाही हे कळत नाही.

दुसरी गोष्ट, त्या निबंधातला आरएनए एकट्या कॅन्सरपेशींचा नाही. गाठीचा तुकडा अख्खा दळतात आणि त्यातला सगळा आरएनए एकत्र मोजतात. त्यात कॅन्सरपेशी आल्या, रक्तवाहिन्या आल्या, टी-पेशी (लिम्फोसाइट्सचाच एक प्रकार) आल्या, मॅक्रोफेज (गिळून टाकणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) आले. आपल्या मामलेदारची मिसळ मिक्सरमध्ये फिरवायची आणि मग चवीवरून ओळखायचं, फरसाण किती होतं आणि उसळ किती. गणिताने बऱ्यापैकी अंदाज काढता येतो, पण तो अंदाजच. ‘इम्यून जीन जास्त’ याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो, की त्या तुकड्यात रोगप्रतिकारक पेशी जास्त होत्या. आणि ते तर तुमच्या पॅथॉलॉजिस्टने भिंगाखाली बघून आधीच लिहिलंय.

आता ती गर्दी.

आतड्याच्या कॅन्सरमध्ये टी-पेशींची गर्दी शुभ मानतात. २००६ साली पॅरिसच्या एका गटाने दाखवून दिलं, की गाठीत कुठल्या टी-पेशी आहेत, किती आहेत आणि नेमक्या कुठे आहेत, यावरून पेशंटचं पुढचं भाकीत चांगलं करता येतं. त्वचेचा मेलानोमा, अंडाशय, काही प्रकारचे स्तनाचे कॅन्सर, सगळीकडे साधारण हाच सूर. किडनीच्या क्लिअर सेल कॅन्सरमध्ये मात्र अनेक अभ्यासांत उलटं दिसलं: सीडी८ टी-पेशी, म्हणजे कॅन्सरपेशी मारणाऱ्या टी-पेशी, जितक्या जास्त, तितकं भाकीत वाईट. जपानी पॅथॉलॉजिस्टांनी २००१ मध्येच यातली एक बारीक गोष्ट टिपली होती. गर्दी नुसती मोजू नका, त्या टी-पेशी विभागून वाढताहेत का ते पाहा. ज्यांच्या गाठीत वाढणाऱ्या सीडी८ पेशी जास्त, ते पेशंट बरे राहिले. म्हणजे पेशी तिथे आहे, इतकं पुरत नाही; ती कामावर आहे का, हा प्रश्न आहे.

घोडबंदर रोडचं उदाहरण घ्या. जिथे सगळ्यात जास्त ट्रॅफिक पोलीस दिसतात, तिथे वाहतूक सुरळीत आहे असं ठाण्यातला कोणी माणूस समजणार नाही. कोंडी झालीय म्हणून ते तिथे आलेत. आणि पाच तास उन्हात शिट्टी फुंकून झाल्यावर तो पोलीस उभा असतो खरा, पण गाड्या त्याच्याकडे बघतही नाहीत. किडनीतल्या, पुढच्या टप्प्याला गेलेल्या गाठीत टी-पेशींची हीच अवस्था होते. आम्ही तिला ‘एक्झॉस्टेड’ म्हणतो, थकलेली. तिच्यावर पीडी-१, लॅग-३, टिम-३ असे ब्रेक चढलेले असतात. अशाच ब्रेकांपैकी सीटीएलए-४ आणि पीडी-१ हे काढून कॅन्सरवर उपचार करता येतात, या शोधासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८चं नोबेल मिळालं. त्या टी-पेशींच्या शेजारी एका विशिष्ट प्रकारचे मॅक्रोफेज बसलेले दिसतात, जे त्यांना आणखी दाबतात. मग शोधनिबंधात ‘पीडी-१चं जनुक जास्त, भाकीत वाईट’ असं येतं. ते खोटं नसतं. फक्त ते जनुक बहुधा खलनायक नसतं, खूण असते.

किडनीचाच असा वेगळा स्वभाव का? याचं पूर्ण उत्तर कोणाकडे आहे असं मी म्हणणार नाही, पण धागा दिसतो. किडनी उभी चिरली की ही गाठ डोळ्यांना ओळखू येते, पिवळीजर्द, मधेमधे रक्ताचे डाग. पिवळेपणा पेशींत साठलेल्या चरबीचा. स्लाइड बनवताना ती चरबी आणि ग्लायकोजेन धुऊन जातं, पेशी रिकामी दिसते, म्हणून नाव ‘क्लिअर सेल’. यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त गाठींत तिसऱ्या गुणसूत्राचा आखूड हात हरवलेला असतो, आणि त्याच हातावर व्हीएचएल हे जनुक बसलेलं असतं. व्हीएचएल गेलं की पेशीला वाटतं, ऑक्सिजन संपत आला. हवा भरपूर असूनही ती गुदमरल्याचा संदेश सोडत राहते आणि नव्या रक्तवाहिन्या मागवत राहते. पेशी ऑक्सिजन कसा ओळखते या शोधाला २०१९चं नोबेल मिळालं, आणि त्यातला एक मोठा धागा या व्हीएचएलमधूनच गेला होता. तर अशी ही रक्ताने भरलेली, पण रचना विस्कटलेली गाठ. टी-पेशी रक्तातून आत सहज येतात, आणि आल्यावर त्यांना शिकवणाऱ्या, सांभाळणाऱ्या पेशी मिळाल्या नाहीत तर तिथेच दमतात. जिथे गाठीच्या कडेला छोट्या लिम्फ नोडसारखी नीट वसाहत दिसते, तिथली गोष्ट वेगळी असू शकते.

म्हणून तुमच्या रिपोर्टातल्या ‘दाट गर्दी’ या शब्दांवरून मी आनंदही करणार नाही आणि घाबरणारही नाही. ग्रेड ३च्या गाठीत ती असतेच बऱ्याचदा.

आता मावसभावाचा निबंध. मी तो वाचला. त्या मुलाने मेहनतीने शोधून पाठवलाय, त्याला नावं ठेवू नका. पण असे निबंध कसे तयार होतात हे त्यालाही एव्हाना कळायला हवं. अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम अ‍ॅटलास प्रकल्पाने क्लिअर सेल किडनी कॅन्सरचा मोठा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. सुमारे ५३० पेशंटच्या गाठींचा आरएनए आणि त्यांचं पुढे काय झालं, ही माहिती इंटरनेटवर मोफत आहे. कोणीही लॅपटॉपवर ती उतरवून घेऊ शकतो. हजार-दीड हजार ‘इम्यून’ जनुकांची यादी घ्यायची, प्रत्येकाचा जगण्याशी संबंध तपासायचा, ज्यांचा दिसतो ती ठेवायची, एका सांख्यिकी चाळणीतून दहा-बारा उरवायची, त्यांचा स्कोअर करायचा. मग पेशंट स्कोअरनुसार रांगेत उभे करून मधोमध रेघ मारायची: वरचे हाय रिस्क, खालचे लो रिस्क. आलेख सुंदर येतो, कारण ज्या माहितीवरून जनुकं निवडली त्याच माहितीवर तो काढलेला असतो. प्रश्नपत्रिका आधी पाहून दिलेल्या परीक्षेत मार्क चांगले पडणारच.

असे निबंध शेकड्याने निघालेत, आणि दोन निबंधांतल्या जनुकांच्या याद्या एकमेकांशी क्वचितच जुळतात. यावर एक मजेदार पण बोचरं काम २०११ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी केलं, स्तनाच्या कॅन्सरवर. त्यांनी कॅन्सरशी काडीचा संबंध नसलेल्या जनुकांच्या याद्या घेतल्या. त्यातली एक होती जेवणानंतर हसल्यामुळे रक्तात बदलणाऱ्या जनुकांची! तीसुद्धा पेशंट जगण्याचं भाकीत करत होती. नुसती चिठ्ठ्या टाकून निवडलेली जनुकंही बहुतेक वेळा करत होती. कारण वेगाने वाढणाऱ्या गाठीत हजारो जनुकं एकाच वेळी हलतात. कुठलीही मूठ उचला, थोडा वास लागतोच. किडनीवरचा नवा स्कोअर कोणी पुढे केला की माझा पहिला प्रश्न असतो, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या दहा जनुकांपेक्षा हा किती बरा? आणि दुसरा, ग्रेड आणि स्टेज माहीत असताना याने नवीन काय सांगितलं?

मधोमध मारलेल्या रेघेबद्दलही बोलायला हवं, कारण तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. वर्गातल्या मुलांची मार्कांनुसार रांग लावली आणि निम्म्या मुलांना ढ ठरवलं, तर बरोबर मध्यावरच्या दोन मुलांत अर्ध्या मार्काचा फरक असेल. एक हुशार, एक ढ. वर, ती रेघ त्या वर्गाची आहे. दुसऱ्या शाळेत ती कुठे मारायची? त्या प्रकल्पातले बहुसंख्य पेशंट गोरे अमेरिकन. मशीन वेगळं, रसायनं वेगळी, गाठ ताजी गोठवलेली. बाबांची मेणात बसवलेली. तिकडची रेघ उचलून ऐरोलीच्या पेशंटवर ठेवता येत नाही. लॅबने ‘हाय’ म्हटलं, तरी कोणाच्या तुलनेत हाय, हे त्यांना विचारा. उत्तर देताना ते चाचरतील.

सगळेच स्कोअर असे कच्चे नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. २०१५ मध्ये १६ जनुकांचा एक स्कोअर आला. तो क्लीव्हलँड क्लिनिकच्या ९४२ पेशंटांवर बांधला आणि फ्रान्समधल्या ६२६ वेगळ्या पेशंटांवर तपासला, तोही मेणाच्या ब्लॉकमधल्या, म्हणजे मेणात बसवून जपलेल्या गाठीच्या तुकड्यातल्या, आरएनएवर. काम असं करायचं असतं. त्यातली पाच जनुकं नुसती मोजमापाच्या आधारासाठी, उरलेली अकरा खरी. त्या अकरांत रक्तवाहिन्यांची जनुकं जास्त असली तर धोका कमी, पेशी-वाढीची किंवा इंटरल्यूकिन-६चं (दाहाशी संबंधित एक जनुक) जास्त असलं तर धोका जास्त. आणि गंमत बघा, त्यातली तीन रोगप्रतिकारक जनुकं चांगल्या बाजूला झुकतात! म्हणजे ‘किडनीत इम्यून जीन जास्त म्हणजे वाईट’ हे वाक्यही सरसकट खरं नाही. कुठलं जनुक, कुठल्या पेशीतलं, गाठ कुठल्या टप्प्याची, यावर सगळं फिरतं. एवढं नीट काम होऊनही हा स्कोअर रोजच्या वापरात स्थिरावला नाही, कारण निकाल हातात आल्यावर डॉक्टरने वेगळं काय करायचं, ते ठरलेलं नव्हतं.

यात माझ्या धंद्याची एक अडचण आहे, ती बाहेर फारशी बोलली जात नाही. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण या गाठीला लागू पडत नाही. २०१२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी एकाच किडनीच्या गाठीतून निरनिराळ्या जागचे तुकडे घेतले. बहुतेक जनुकीय बदल सगळ्या तुकड्यांत सारखे नव्हते, आणि जीन एक्स्प्रेशनवरून काढलेलं भाकीत एका तुकड्यात चांगलं, तर त्याच गाठीच्या दुसऱ्या तुकड्यात वाईट निघालं. बाबांची गाठ साडेसहा सेंटिमीटरची. आम्ही दर सेंटिमीटरला साधारण एक ब्लॉक घेतो, म्हणजे सहा-सात ब्लॉक असावेत. लॅब त्यातला एक मागेल. कुठला देणार? टी-पेशी दाट आहेत तो दिला तर स्कोअर एक, विरळ आहेत तो दिला तर दुसरा.

आणि आरएनए टिकलेला तरी असतो का? आरएनए फार नाजूक. किडनी काढली की ती चिरून, दहापट फॉर्मॅलिनमध्ये बुडवून ताबडतोब पाठवायला हवी. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणाहून अख्खी न चिरलेली किडनी लोणच्याच्या बरणीएवढ्या डब्यात कोंबून आली. शनिवारी काढलेली, आमच्याकडे सोमवारी. वरचा सेंटिमीटरभर थर ठीक, आत सगळं कुजलेलं. फॉर्मॅलिन आतपर्यंत पोचायला वेळ लागतो, तोवर पेशी स्वतःलाच खाते. त्या पेशंटच्या मुलाने पुढे हट्टाने जीन चाचणी करवली आणि ‘नमुना अपुरा’ असा कागद घेऊन आला. मला त्याच्याकडे बघवलं नाही.

मग हे सगळं जीन एक्स्प्रेशन फुकट आहे का? नाही, आणि इथे माझं मत मावसभावाच्या बाजूला झुकतं. फक्त त्याची जागा वेगळी आहे. भाकीत सांगणारी खूण आणि औषध निवडायला मदत करणारी खूण, या दोन निरनिराळ्या गोष्टी. पहिली म्हणते, पाऊस येणार. दुसरी म्हणते, छत्री चालेल की रेनकोट लागेल. किडनीबाहेर पसरलेल्या आजारात दुसऱ्या प्रकारचं काम खरंच पुढे गेलंय. अटेझोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या (टी-पेशींवरचे ब्रेक काढणाऱ्या) औषधाच्या एका मोठ्या चाचणीतल्या ८२३ गाठींचा आरएनए वाचून २०२० मध्ये संशोधकांनी त्यांचे सात गट पाडले. रक्तवाहिन्यांची जनुकं पेटलेल्या गाठी रक्तवाहिन्या रोखणाऱ्या गोळ्यांना चांगला प्रतिसाद देतात, तर टी-पेशी आणि वेगाने वाढणाऱ्या पेशींच्या गाठींना इम्युनोथेरपीची जोड जास्त उपयोगी पडते, असा कल दिसला. ज्या गर्दीने भाकीत वाईट केलं, तीच गर्दी ब्रेक काढणारं औषध दिल्यावर कामाला लागते! दमलेला पोलीस पुन्हा शिट्टी हातात घेतो. अर्थात इथेही सरळ हिशोब नाही. नुसत्या सीडी८ पेशी मोजून औषध लागू पडेल का हे सांगायचा प्रयत्न किडनीत फसला आहे. आरएनएचा गट बघून औषध निवडायचं, अशी चाचणी अमेरिकेत पेशंटांवर सुरू झाली आहे. बाबांचा आजार पसरलेला नाही, त्यामुळे आज हा विषय तुमचा नाही.

आता नेक्रोसिस.

किडनी काढल्यानंतर आजार परत येण्याचा अंदाज काढायला लेबोविच स्कोअर वापरतात. तो २००३ मध्ये मेयो क्लिनिकने आपल्या १,६७१ पेशंटांवरून बांधला. लागणाऱ्या गोष्टी पाच, सगळ्या माझ्यासारख्या माणसाच्या भिंगातून आणि फूटपट्टीतून येतात. बाबांचा मांडून दाखवतो. पीटी३ए, त्याचे ४. लिम्फ नोड्स साफ, शून्य. गाठ दहा सेंटिमीटरच्या आत, शून्य. ग्रेड ३, त्याचा १. झाले ५. पाचवी गोष्ट नेक्रोसिस: नसेल तर शून्य, असेल तर १. पाच म्हणजे मधला गट, सहा म्हणजे वरचा, जास्त धोक्याचा. मेयोच्या त्या पेशंटांत पाच वर्षांनी आजार दुसरीकडे न पसरलेले लोक मधल्या गटात ७४ टक्के होते, वरच्या गटात ३१ टक्के. हे आकडे लिहिताना माझा हात जरा थांबला, पण तुम्ही निबंध वाचणाऱ्या आहात, उद्या शोधून काढालच. त्यापेक्षा माझ्याकडून ऐका. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हे १९७० ते २००० या काळात ऑपरेशन झालेले पेशंट, आजची औषधं तेव्हा नव्हती. आणि मघाची रेघेची गोष्ट इथेही लागू आहे. पाच हे मधल्या गटाचं शेवटचं टोक, सहा हे वरच्या गटाचं पहिलं. दोघांच्या मध्ये कडा नाही, एक पायरी आहे.

तरीही ती पायरी माहीत हवी. जिथे ऑपरेशन झालं तिथल्या पॅथॉलॉजी विभागात जा आणि सरळ सांगा, ‘रिपोर्टमध्ये ट्यूमर नेक्रोसिसचा उल्लेख नाही, स्लाइड पुन्हा पाहून पुरवणी रिपोर्ट द्याल का?’ भांडू नका, अशी विनंती आम्हाला रोज येते. रिपोर्ट घाईत लिहिला जातो, आणि नसलेली गोष्ट लिहायची राहून जाते. माझ्याही हातून झालंय. त्याच वेळी दोन गोष्टी आणखी विचारा: गाठीत सार्कोमॅटॉइड भाग, म्हणजे लांबट, स्नायूसारख्या दिसणाऱ्या पेशी, कुठे आहेत का. आणि ग्रेड ३ नक्की आहे ना. पेशीच्या केंद्रकातला ठिपका शंभरपट मोठं केल्यावर दिसतो म्हणून ३, चारशेपटीलाच दिसत असता तर २. ऑपरेशनच्या आधी किडनीची रक्तवाहिनी मुद्दाम बंद केली होती का, हे त्यांना सांगायला विसरू नका, कारण त्यामुळे मेलेला भाग या हिशोबात धरत नाहीत. हवं तर स्लाइड्स परळला टाटा मेमोरियलमध्ये दाखवून दुसरं मत घेता येईल. त्यांचंच अ‍ॅक्ट्रेक खारघरला आहे, ऐरोलीहून ते सोयीचं. कुठे जायचं ते आधी फोन करून विचारा.

ऑन्कोलॉजिस्ट बहुधा पेम्ब्रोलिझुमॅबचा, म्हणजे पीडी-१चा ब्रेक काढणाऱ्या औषधाचा, विषय काढतील. किडनी काढल्यावर, आजार परत येऊ नये म्हणून, दर तीन आठवड्यांनी, साधारण वर्षभर. ९९४ पेशंटांच्या चाचणीत चार वर्षांनी औषध घेतलेल्यांपैकी ९१ टक्के हयात होते, न घेतलेल्यांपैकी ८६ टक्के. पीटी३ असल्यामुळे बाबा त्या चाचणीच्या निकषांत बसतात, नेक्रोसिस असो वा नसो. पण तोल इथे आहे: शंभरातल्या ८६ जणांना औषधाविनाही चार वर्षं मिळाली, आणि औषध फुकट नाही. खर्च लाखांत जातो, थायरॉईड कायमची मंदावू शकते, क्वचित अ‍ॅड्रिनल ग्रंथी, यकृत, फुप्फुस दुखावतं. जवळच्याच जातीच्या औषधांच्या आणखी तीन चाचण्यांत ऑपरेशननंतरचा फायदा दिसला नाही, म्हणून डॉक्टरांतही एकमत नाही. पाच की सहा, सार्कोमॅटॉइड आहे की नाही, यावरून हा तोल थोडा इकडे-तिकडे कलतो. ऑपरेशनला दीड महिना झालाय, त्या चाचणीत औषध बारा आठवड्यांच्या आत सुरू केलं होतं. म्हणजे पुरवणी रिपोर्ट याच आठवड्यात मागा.

बाबांना काय सांगायचं, हे तुम्ही विचारलंत. स्कोअर काढलाच नाही तर तो सांगायचा प्रश्न येत नाही. त्यांना एवढं कळायला हवं, की गाठ पूर्ण निघाली आहे, ती परत येऊ शकते, म्हणून ठरल्या तारखांना छाती-पोटाचा सीटी चुकवायचा नाही, आणि एकाच किडनीवर चालायचं असल्यामुळे गुडघे दुखले म्हणून दुकानातून गोळी आणून खायची नाही. साठीतला माणूस ‘हाय रिस्क’ हा इंग्रजी शब्द ऐकून रात्र-रात्र जागतो, आणि सीटीची तारीख मात्र विसरतो. हे मी माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत पाहिलंय.

मेणाचे ब्लॉक मात्र कुठे आहेत याची चौकशी करून ठेवा. पुढेमागे आजार परतलाच, तर आरएनएवरून औषध निवडण्याची सोय तोपर्यंत इथे कदाचित आलेली असेल, आणि तेव्हा हेच ब्लॉक लागतील. हॉस्पिटलं ते काही वर्षं सांभाळतात, कायमचे नाही. दुसऱ्या मतासाठी नेताना सगळे एकदम नेऊ नका, गाठीचा सगळ्यात चांगला एक आणि स्लाइड्स न्या, बाकीचे तिथेच राहू द्या. पावती घ्या, ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळवून पाहा. आणि मे महिन्यात खारघरला गाडीने गेलात तर ब्लॉक डॅशबोर्डवर ठेवू नका. मेणच आहे ते.